छातीवरची पट्टी

घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसेना म्हणून पडलेलं नाव, आणि चाळिशी जवळ आली तरी ते बदलावं असं तिने काही केलं नव्हतं. चहा उभ्याने प्यायची, फोनवर बोलताना खोलीला फेऱ्या घालायची, आणि जिन्याच्या दोन दोन पायऱ्या एकदम चढताना निदान एकदा तरी ठेचकाळायची. अशा बाईने पोटापाण्यासाठी धंदा कोणता निवडावा? तर माणसाच्या अंगातली वीज मोजणाऱ्या पट्ट्या बनवण्याचा. त्यात समोरच्या माणसाला पहिलं वाक्य काय सांगावं लागतं, तर 'हलू नका.'

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अंगात चिमूटभर वीज खेळते. कातडीपर्यंत येईतो तिचा पार चोथा झालेला असतो. तो चोथा पकडायला छातीवर इलेक्ट्रोड चिकटवतात, आणि भिंगरीच्या कचेरीत त्याला कुणीच इलेक्ट्रोड म्हणत नसे, पट्टीच म्हणत. दवाखान्यातल्या पट्टीखाली ओलं चिकट जेल असतं. ते वाळतं, खाजतं, आणि माणसाला घाम आला की पट्टी आपल्या वाटेने निघून जाते. भिंगरीला हवी होती कोरडी पट्टी. मऊ रबर, त्यावर चांदीचा मुलामा, आणि मुलाम्यावर बारीक दाणे. कातडीला धरून तर बसायला हवेत, पण टोचायला नकोत. तीन वर्षं ती या दाण्यांच्या मागे होती. झोपेतसुद्धा दाणेच मोजते, असं आई म्हणायची.

दाणे एकदाचे जमले, आणि त्याच सुमाराला बाबा पडले.

बाबा निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर पायी टपाल वाटलं, आणि निवृत्तीनंतर पाय घरी बसायला तयार होईनात. रोज सकाळी जुन्याच वाटेने एक फेरी मारून येत. पिशवी रिकामी, पण खांद्याला असायची. भिंगरीचं भिंगरीपण आलं कुठून, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तर एका सकाळी एका दुकानाच्या पायरीशी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खाली बसले. दुसऱ्यांदा बसले नाहीत, पडले. कपाळाला टाके पडले. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं, दवाखान्यातल्या यंत्रावर रेघ काढली. सगळं ठीकठाक. डॉक्टर म्हणाल्या की चक्कर आली त्या क्षणाची नोंद हाती लागत नाही तोवर अंधारात तीर मारण्यात अर्थ नाही. कदाचित कानाचा दोष असेल, कदाचित रक्तदाब, कदाचित हृदय मध्येच दांडी मारत असेल. शेवटचं असेल तर छातीत छोटं यंत्र बसवावं लागेल, आणि ते लवकर बसवावं लागेल, कारण पुढची चक्कर रस्ता ओलांडताना आली तर टाक्यांवर भागायचं नाही.

दवाखान्याच्या पट्टीने बाबांची कातडी दोन दिवसांत लालभडक झाली आणि तिसऱ्या दिवशी पट्टी बनियनला चिकटलेली सापडली. तेव्हा भिंगरी म्हणाली, मी आहे ना. माझी पट्टी लावू. डॉक्टरांनाही ते पटलं. बाबांना तर फारच. लेकीचा शोध आपल्या छातीवर मिरवायला मिळणार म्हणून ते गल्लीभर सांगत सुटले.

पट्टीपासून एक बारीक वायर कमरेच्या डबीत जायची. डबी काडेपेटीएवढी. तिला एक बटण होतं. चक्कर आली की बाबांनी ते दाबायचं, म्हणजे रेघेवर तिथे खूण उमटायची. एवढं साधं काम. आठवडाभराने भिंगरीने डबीतली नोंद लॅपटॉपवर उघडली आणि तिचा चेहरा पडला. ठोके छान, स्वच्छ, एकामागे एक. आणि मध्येच रेघ सपाट. मग पुन्हा ठोके. अशा तीन जागा होत्या, आणि तिन्ही ठिकाणी बटणाची खूण.

'सपाट म्हणजे सुटली.' कचेरीतलं हे ब्रीदवाक्यच होतं. तिथल्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. ज्याच्या अंगावर पट्टी असेल त्याचे ठोके त्यावर धावायचे, आणि पट्टी निघाली की रेघ सपाट व्हायची. वर्षानुवर्षं सगळ्यांनी हेच पाहिलं होतं. सपाट दिसलं की कुणीतरी ओरडायचं, 'सुटली रे!' आणि मग नोंदीतला तेवढा भाग कापून टाकायचा. सुटलेल्या पट्टीचा भाग ठेवून करायचंय काय? भाजीचे देठ कापून टाकताना कुणी दोनदा विचार करत नाही.

भिंगरीला कोडं पडलं नाही, उलट लगेच सुटलं. चक्कर आली की बाबा धडपडत बटण शोधतात, वायर ओढली जाते, पट्टीची कड उचलली जाते, मग परत बसते. तिने सपाट भाग कापले, उरलेली नोंद डॉक्टरांना दिली आणि हे सगळं समजावून सांगितलं. नेमकी चक्कर आली त्या वेळची नोंद नाही, असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा तिने मान खाली घातली. पट्टी सुधारून आणते, म्हणाली. आपल्याच पट्टीला नावं ठेवताना तिला वाईट वाटत होतं, पण त्यात एक प्रामाणिकपणाही वाटत होता. चूक शोधायची खोड असलेल्या माणसाला स्वतःची चूक सापडली की तो तिथेच थांबतो. पुढे बघत नाही.

घरी येऊन तिने बाबांना विचारलं, बटण दाबताना वायर ओढता का? बाबा म्हणाले, नाही बुवा. पट्टी निघाली का कधी? नाही बुवा. निघाली असती तर कळलं असतं की. 

"बाबा, नोंदीत दिसतंय," ती म्हणाली. "माझ्यापासून काय लपवता?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली की यांचे हात कधी जागेवर असतात का, नक्की खाजवलं असणार. खटला तिथेच निकाली निघाला.

दुसरी पट्टी तिने वेगळ्या आकाराची केली. गोल कडेला चिरा देऊन पाकळ्या पाडल्या, म्हणजे कातडी ताणली तरी प्रत्येक पाकळी आपापली सांभाळून घेईल. वायरला पट्टीजवळ एक सैल वळण दिलं, म्हणजे ओढ लागली तर ती वळण खाईल, पट्टी नाही. हे सगळं करायला तिने रविवार पाहिला नाही की सण-सुटी. कचेरीतल्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, जरा दमानं घे, तर तिने ऐकल्यासारखं केलं. आठवड्याने नोंद उघडली. ठोके आधीहून स्वच्छ. आणि चार ठिकाणी सपाट. तेही भाग कापून तिने नोंद डॉक्टरांना दिली.

या खेपेला मात्र तिचा तोल गेला. बाबा जेवायला बसले होते. ती ताटापाशी उभी राहून बोलली, आणि बोलू नये ते बोलली. तुम्हाला एक पट्टी सांभाळता येत नाही, मी तुमच्यासाठीच मरमर मरतेय आणि तुम्ही पोरासारखं खाजवत बसता, उद्या रस्त्यात काही झालं तर मी कुणाला दोष देऊ. बाबांनी घास खाली ठेवला.

"पट्टी निघाली नव्हती गं," ते म्हणाले. "खरंच सांगतो."

एरवी असल्या भांडणात बाबांचा एक ठेवणीतला टोमणा असे: नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी तोही त्यांनी काढला नाही. त्यांचं बोलणं तिने ऐकलं, पण कानाआड केलं. म्हाताऱ्या माणसाच्या शब्दापुढे यंत्राची रेघ, कुणावर विश्वास ठेवायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिसरी पट्टी आली. हिचा चिकटपणा बदलला होता, पाठ पातळ केली होती, आणि दाण्यांची उंचीही कमी केली होती. भिंगरीच्या जिवाला आता स्वस्थता म्हणून नव्हती. बाबा फेरीला गेले की ती कामावरून आईला फोन करायची, आले का. आले नाहीत म्हटलं की पुन्हा. आई वैतागून म्हणाली, त्यांना चक्कर येते ती येते, तुझ्या फोनने मला यायला लागलीय. तरी बाबा फेरीला जातच राहिले. घरी बसलो तर चक्कर येईल कशी आणि नोंद होईल कशी, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोडून काढणं कठीण होतं. 

एका सकाळी तिसऱ्या पट्टीसारखीच आणखी एक पट्टी तिने स्वतःच्या अंगावर लावली. वरिष्ठ बाईंना दाखवायचं होतं की ही पट्टी ओढली तरी सुटत नाही. पण भिंतीवरचा पडदा नेमका बंद पडला होता. पडद्याचा सगळा कारभार ज्याने लिहिला तो पंडित रजेवर. पंडित हे त्याचं नाव नव्हे, प्रत्येक गोष्टीवर प्रवचन द्यायच्या सवयीमुळे मिळालेली पदवी. भिंगरीला थांबवतंय कोण? तिने एक रिकामी डबी घेतली, सरळ लॅपटॉपला जोडली, आणि ठोके पडद्याविनाच बघू लागली. वायर ओढली. ठोके चालू. जोरात ओढली. थोडी थरथर, ठोके चालू. बाई मान डोलावत होत्या. आता सुटल्यावर काय होतं तेही दाखवते, असं म्हणून भिंगरीने पट्टीची कड नखाने उचलली.

रेघ सपाट झाली नाही. रेघेचं रान झालं. वर, खाली, दाट, काळं, लॅपटॉपच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. भिंतीतल्या तारांमधून, दिव्यांमधून, चार्जरमधून जी जी वीज हवेत सांडत असते ती सगळी त्या उघड्या पट्टीने गोळा करून आणली होती. भिंगरीने कड दाबून बसवली. ठोके आले. उचलली, रान. बसवली, ठोके. बाईंना वाटलं, चांगलं चाललंय. भिंगरीने मात्र भिंतीवरच्या बंद पडद्याकडे पाहिलं: तिथे तर रेघ सपाट व्हायची.

तिने पंडितला फोन लावला. रजेवरच्या माणसाला विचारायचा प्रश्न नव्हता, पण तिने विचारलाच. पट्टी सुटली की रेघ सपाट कोण करतं?

"मीच की," पंडित म्हणाला. "पाहुण्यांसमोर तो कचरा बरा दिसत नाही म्हणून. पण ते फक्त भिंतीवरच्या पडद्याला. डबीत मी काहीच झाकलेलं नाही, डबी दिसेल ते लिहिते. का गं?"

तिने फोन ठेवला. लॅपटॉपवर बाबांच्या न कापलेल्या नोंदी होत्याच, त्यातली पहिली तिने उघडली. सपाट जागा. इतकी सपाट, इतकी शांत रेघ तिने आयुष्यात कुठे पाहिली नव्हती. तीन वर्षं ती अशाच रेघेसाठी झुरत होती. गडबड नाही, थरथर नाही, पट्टी कातडीला गच्च धरून बसलेली. पट्टीचं काम चोख होतं. फक्त मोजायला काही नव्हतं. आणि बटणाची खूण सपाट जागेच्या सुरुवातीला नव्हतीच, ती जागा संपल्यावर होती. आधी हृदय थांबलं, मग चक्कर आली, मग बाबांनी बटण दाबलं. तिन्ही ठिकाणी. दुसऱ्या नोंदीत चारही ठिकाणी. एवढ्या वेळा पाहिलेल्या रेघेत तिने खुणेची जागा एकदाही नीट पाहिली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर इथे पट्टी खरोखरच काखेपासून वीतभर अंतरावर होती.

ती बाईंना काय सांगून निघाली ते तिला नंतर आठवेना. जिन्यातून आईला फोन केला. बाबा फेरीला गेले होते. फोन? फोन इथेच आहे, चार्जिंगला लावून गेलेत, आई म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला, कारण लेकीच्या श्वासावरून आयांना कळतं. काही नाही, मी आणते त्यांना, एवढंच भिंगरी बोलली.

बाबांची वाट तिला पाठ होती. लहानपणी सुटीच्या दिवशी त्यांचं बोट धरून ती या वाटेने चालली होती, पत्रांचा गठ्ठा तिच्या हातात आणि पिशवी त्यांच्या खांद्याला. आधी पाव-बिस्किटांच्या दुकानाची गल्ली, मग डोळ्यांच्या दवाखान्यामागचा उतार, मग शाळेची भिंत, मग बसचा डेपो. रिक्षा करून ती डेपोपाशी उतरली आणि वाटेच्या शेवटाकडून उलटी चालू लागली, म्हणजे कुठेतरी समोरासमोर गाठ पडेल. चालली कसली, पळालीच. शाळेच्या भिंतीशी बाबा नव्हते. उतारावर नव्हते. उताराच्या तळाशी रस्ता ओलांडायला माणसं थांबली होती, त्यांत एक खांद्याला पिशवी लावलेला होता, पण तो भलताच निघाला. भिंगरीने त्याचा दंड धरला होता. माफ करा, म्हणाली, आणि तो काय म्हणाला ते न ऐकताच पुढे गेली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: एव्हाना यंत्र बसलं असतं. पहिल्या आठवड्यातच बसलं असतं.

दुकानाच्या गल्लीत, पहिल्यांदा जिथे खाली बसले होते त्याच पायरीवर, बाबा बसले होते. चेहरा पांढरा. उजवा तळवा शर्टावरून छातीवर घट्ट दाबलेला. तिला पाहताच त्यांनी दुसरा हात वर केला, शाळेत गृहपाठ विसरलेली पोरं करतात तसा.

"मी खाजवलं नाही हं," ते घाईघाईने म्हणाले. "आत्ता अंधारी आली ना, तर आधी पट्टी दाबून धरली. बटण नंतर. हल्ली मी तसंच करतो. निघायची शक्यताच नाही."

हल्ली म्हणजे कधीपासून, हे विचारायची तिला गरज नव्हती. त्या जेवणाच्या ताटापासून. तिला तिथेच, पायरीवर, सगळ्या गल्लीदेखत रडू आलं. बाबा गडबडले. पट्टी खराब झाली का, म्हणाले, दुसरी लाव, मी बसतो ना आठवडाभर एका जागी, अगदी हलत नाही. तिने मान हलवली, नाक पुसलं आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना मध्येच आत घेतलं. भिंगरीने डबी लॅपटॉपला जोडली. आजची रेघ होती. ठोके, ठोके, आणि मग तीच शांत सपाट जागा, आधीच्या सगळ्यांहून लांब, श्वास रोखून धरला तर सुटेल इतकी लांब. तिच्या शेवटी थरथर, म्हणजे बाबांचा तळवा. मग ठोके. मग बटण. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी आधी फोन उचलला, आणि ऑपरेशनची खोली आजच मोकळी करायला सांगितली. बाबांना आता बाहेर जाऊ द्यायचं नाही, पलंगावरून उठूही द्यायचं नाही, असं बजावलं. मग फोन ठेवून त्यांनी पुन्हा रेघेकडे पाहिलं.

"हे असं आज पहिल्यांदाच झालंय," त्यांनी विचारलं, "की आधीच्या नोंदींतही होतं?"

खोलीत पलंग होता, पलंगावर बाबा होते, आणि बाबांचा तळवा अजून छातीवरच होता. एका शब्दाचं उत्तर होतं. हो म्हटलं की पुढे सगळंच सांगावं लागणार होतं: कापलेले भाग, मान खाली घालून मिरवलेला प्रामाणिकपणा, बापाला खोटं पाडणं, आणि मध्ये गेलेले सगळे दिवस, ज्यातल्या प्रत्येक दिवशी बाबा रस्ते ओलांडत होते. ती शब्द जुळवत राहिली, आणि तेवढ्यात बाबाच बोलले.

"आधीचं काही धरू नका, डॉक्टर," ते हसून म्हणाले. "आधी पट्टी सुटायची. माझ्याच हाताने. म्हातारा माणूस, हात जागेवर राहत नाही, पोरीने किती बजावलं तरी. तिची पट्टी चांगली आहे."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. आधीही पटलं होतं. त्या पुढचा कागद ओढून लिहू लागल्या. भिंगरी उभी होती, आयुष्यात प्रथमच अगदी न हलता. इथे गप्प बसलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान वर केली. "आधीच्या दोन्ही नोंदींत हे होतं. मला वाटलं पट्टी सुटली, म्हणून तेवढे भाग मी कापले आणि मग तुम्हाला दिले. पट्टी निघाली नव्हती. एकदाही नाही. बाबा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी कापलेले भाग मागितले, आणि भिंगरीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बाबांनी छातीवरचा हात तेव्हा कुठे खाली घेतला.